एक जून

आधी हात कोमट पाण्यात.
बाहेर टे नदीवर धुकं, आत नऊ खुर्च्या,
मागे कलणाऱ्या, पुसून पुसून फिक्या पडलेल्या.
माझी सहावी.
चौथी दोन खेपा रिकामी आहे, कुणी विचारत नाही.
"शिरा आज रुसल्यात," आयोना म्हणते,
आणि मनगटावर दोन बोटांनी टकटक करते,
घरात कुणी आहे का बघावं तशी.

दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या.
मागच्या वेळी एकाहत्तर, आज एकोणसत्तर.
हा आकडा मला आता गुळाच्या भावासारखा ठाऊक असतो.

मग दोघी येतात, आयोना आणि फोलाके.
एक पिशवीवरचं वाचते, एक माझ्या मनगटावरचं.
नाव सांगा.
शालन बाबर.
जन्मतारीख?
एक जून एक्कावन्न.

ही तारीख हेडमास्तरांची.
आमच्या वर्गात अठरा पोरं एक जूनला जन्मली,
एका दुपारी, एकाच टाकानं.
आई म्हणायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालीस,
बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता.
साल तिला सांगता यायचं नाही.
थोरला बैल घेतला त्याच्या पुढचं, म्हणायची.

ते खोटं पासपोर्टात बसलं, विमानात बसलं,
डंडीत उतरलं, पेन्शनीला लागलं.
आता माझ्या आधी रक्ताच्या दारात उभं राहतं
आणि दार उघडतं.
खरं सांगितलं तर पिशवी परत जाईल.
रक्ताला खोटं चालतं,
दोन्हीकडे तेच असलं म्हणजे झालं.

आत येताना गार लागतं, कोपरापर्यंत.
पहिली पंधरा मिनिटं पहाऱ्याची.
ताप, दाब, खाज सुटली का, कंबर दुखते का.
कुणाचं आहे ते विचारायचं नसतं.
आईनं विचारलं असतं. कुठलं घर, कुठली जात.
परगावी ती पाणीसुद्धा विचारून प्यायची.
मी नळीकडे बघते.
कुणीतरी कामावरून सुटलं, बाही वर केली,
बिस्कीट खाऊन घरी गेलं.

शेजारी मॉइरा, शहाऐंशीची.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत गेली,
मागांनी कान नेले, ती ओठ वाचायला शिकली.
एकदा मी म्हटलं, आमच्याकडे शेंगांची पोती असत,
गोणपाटाची, तुमच्याकडचीच असतील.
छे, म्हणाली, ती कलकत्त्याची.
त्यांनीच तर आम्हाला बुडवलं.
त्या दिवशी पुढं काही बोललो नाही.

दुसऱ्या पिशवीच्या वेळी फोलाके वाचता वाचता थांबली.
"अगं, आजच की!"
आणि सुया टोचलेली सात माणसं गायला लागली.
एकाचा सूर दुसऱ्याला नाही,
मध्येच पंप ओरडतोय.
चहाच्या गाडीवरून शॉर्टब्रेड आलं,
मेणबत्ती नाही, ऑक्सिजन आहे म्हणून.
पंच्याहत्तर वर्षांत एक जूनला
माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.
घरी मी कॅलेंडरात बेंदूर शोधून
दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा करते, एवढंच.

ओठांतल्या ओठांत म्हणाले,
आज नाही गं माझा वाढदिवस.
मराठीत.
मॉइरा बघत होती. भुवया गोळा करून
पुन्हा म्हण, अशी खूण केली.
पुन्हा म्हणाले. हळू, एकेक अक्षर.
तिनं मान हलवली, काय कळलं कोण जाणे,
आणि आपल्यातलं अर्धं माझ्या बशीत ठेवलं.

शेवटी सलाइन सोडतात,
नळीत राहिलेलं लाल आत ढकलायला,
ताकाचं भांडं विसळून प्यावं तसं.
फिकं, आणखी फिकं, मग नुसतं पाणी.
माझी टॅक्सी चारला.
मॉइराची पिशवी अजून अर्धी आहे.